उसवलेली दुमड

आमच्या अंबरनाथच्या वाचनालयात न्यायवैद्यक तपासाच्या एका रहस्यमालेवरून वाचकांचे दोन तट आहेत. काहींना ती वाचल्याशिवाय चैन पडत नाही, काहींना ती नुसती चिरफाड वाटते. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणारा एक वाचक मात्र कुठल्याच तटात नाही. पुस्तक परत करताना तो मला, ग्रंथपालाला, एवढंच म्हणतो, "मजा आली सर, पण चूक आहे."

तिसऱ्या भागात मृताच्या जीन्सच्या साध्या टाक्याच्या दुमडीतून निघालेल्या हातभर दोऱ्यावरून खुनी सापडतो. "साध्या टाक्याचा दोरा एवढा निघत नाय सर," तो एकदा म्हणाला, "मध्येच तुटतो. साखळी टाका पाहिजे. लेखकानं मशीन बघितलेली नाय."

मला पटेना. त्याने माझ्या टेबलासमोर स्टुलावर पाय ठेवला, स्वतःच्याच जीन्सच्या दुमडीवरच्या साखळी टाक्याचं टोक नखाने सोडवलं आणि दोरा ओढला. दुमड सरसर उसवली.

त्याच संध्याकाळी वाचकांच्या चर्चेत हा मुद्दा मी माझा म्हणून मांडला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत, एका पायाची दुमड लोंबत असलेला तोही टाळ्या वाजवत होता.

दोन वर्षं मी गप्प राहिलो. गेल्या रविवारी चर्चेत उभं राहून, त्याच्याकडे हात करून सांगितलं, की तो मुद्दा ह्यांचा होता, मी चोरला.

तो ओशाळून म्हणाला, "बसा सर, ते जुनं झालं. पाचव्या भागात बटणाचं पण चुकलंय."

"मग पुढे येऊन सांगा," मी म्हणालो.

तो पुढे आला. दोन्ही तट कान देऊन ऐकत होते. आमच्या वाचनालयाचा वाचक आहे तो.