कळपात किती, ते शेळीला विचारू नये

टिंबाच्या डावीकडच्या नावावर बोट ठेवल्याशिवाय बाई जावास्क्रिप्टची ओळ पुढे वाचू देत नसत. "धिस म्हंजी 'हा' कोण, ते मेथड कुठं लिहिली त्यावरनं नाय ठरत. कुणाच्या नावानं बोलावली ते बघ." गारखेड्यातल्या त्यांच्या शिकवणीचे सगळे स्क्रीन त्यामुळे बोटांच्या ठशांनी मळलेले असत.

बाई मूळच्या पडेगावच्या. वडील शेळ्या राखत, म्हणून उदाहरणंही तीच. 'शेळी' नावाचा क्लास, म्हणजे शेळ्या घडवायचा साचा. नाव सांगण्याचं काम करणारी मेथड सगळ्या शेळ्यांच्या सामायिक प्रोटोटाइपवर एकदाच लिहिलेली. चांदी नावाच्या शेळीला विचारलं तर धिस म्हणजे चांदी, मोरीला विचारलं तर मोरी. एकूण शेळ्या सांगणारी मेथड मात्र स्टॅटिक, म्हणजे एकेका शेळीची नाही तर साच्याची; तिच्यात धिस म्हणजे खुद्द क्लास. मी ती चांदीवरून बोलावली आणि स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल ओळ उमटली.

"अगं शहाणे, कळपात किती ते शेळीला इचारती व्हय? माझ्या बापाला इचार!" सगळ्यांत जास्त त्याच हसल्या.

एकदा मी नावाची मेथड शेळीपासून सुटी काढून नुसतीच बोलावली, टिंबाच्या डावीकडे कुणीच नाही. धिसमध्ये काहीच नव्हतं. तेव्हा त्या हसल्या नाहीत. "तोडून आणलीस तिला. आता ती कुणाचं नाव सांगंल?" एवढंच म्हणाल्या आणि मला पुन्हा लिहायला लावलं.

पुढे मला नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. बोलताना धाप लागत होती. फुप्फुसांचा आजार मला तेव्हा कळला.

"सहा पोरी हायेत. सोमवारी त्यांची मुलाखत. धिसचा धडा तेवढा राहिलाय, अन् माझ्यानं लई बोलवत नाय. शनिवारचा तास घेशील?"

"घेते की, बाई."

शनिवारी ऑफिसमध्ये काम निघालं. दुपारी मी मेसेज टाकला: आज जमत नाही, उद्या नक्की येते.

तास बाईंनीच घेतला. खुर्चीत बसून, थोडं बोलून, बाकीचं फळ्यावर लिहून. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. सोमवारी पोरी मुलाखतीला गेल्या, आणि त्या परतण्याआधी बाई गेल्या. सहापैकी तिघींना नोकरी लागली.

मी पडेगावला भेटायला गेले. त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. मी मेसेजचं सांगू लागले, तशी त्यांनी मान हलवली.

"मी तिथंच होतो, पोरी. मोबाईल पाहिलाच नाय तिनं. तू येणार म्हणून दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आली. मग म्हणली, येईल ती, तवर मीच सुरू करते."