तांदूळ ओढणारं नाणं

वरठी गावात कोणाला जुनं नाणं सापडलं की तो ते सोनाराकडे नेत नाही, आमच्या मोठ्या बाबांकडे आणतो. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेजराम. सोनार फुकट सांगत नाही, मोठे बाबा वरून चहा पाजतात.

पोलादाच्या कारखान्याच्या गेटवर भंगाराचे ट्रक तपासण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. चुंबक लावायचं, चिकटलं तर लोखंड, एवढंच काम. रिटायर होताना कारखान्यानं शाल-नारळ दिला. चुंबक त्यांनी स्वतःच आणलं. आता ते सुतळीला बांधून गळ्यात असतं.

नाणं हातात आलं की आधी घसा साफ होतो. मग चष्मा कपाळावर चढतो. मग डोळे मिटून, नाणं कानाशी धरून नखाची टिचकी. ‘हंऽऽ. आवाज बसका हाय.’ शेवटी चुंबक. चिकटलं की निकाल : ‘डुप्लिकेट! राणीच्या राज्यात लोखंडाचा रुपया नोहता, बाप्पा!’ गिरजाबाईच्या चार राणीछाप रुपयांपैकी तीन चिकटले, तेव्हापासून ती त्यांना पाहून रस्ता बदलते. मोठे बाबा म्हणतात, तिले सत्य पचलं नाही.

धान कापणीच्या दिवसांत पवनीकडचा एक भैयाजी आला. खिशाला तीन पेनं, बोटांत चार अंगठ्या. लाल मखमलीतून त्यानं एक काळपट नाणं काढलं आणि बाजूला तांदळाची पुडी ठेवली.

“काकाजी, हे कंपनी सरकारचं नाणं. याच्यावर वीज पडली हाय. पावर आली का नाणं तांदूळ ओढते. फॉरेनची पार्टी उपग्रहात बसवाले करोडनं घेते.”

“उपग्रहात तांदूळ कायले लागते?” प्रतिक्षानं, म्हणजे मोठ्या बाबांच्या मुलीनं, विचारलं.

“तू चूप बस. सायन्स हाय ते,” मोठे बाबा म्हणाले.

भैयाजीला पैसे नको होते. पार्टी येईपर्यंत नाणं इथंच ठेवा, मला फक्त गाडी नावावर करून द्या, म्हणाला. गाडी म्हणजे दारातली मोटरसायकल. ती मोठ्या मायच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोच्या, सुंदरबाईच्या नावावर. राईस मिलमध्ये वीस वर्षं तांदूळ निवडून तिनं ती घेतली होती आणि रोज सकाळी मोठ्या बाबांच्या मागं बसून चार किलोमीटरवरच्या मिलमध्ये जायची. म्हणजे कागदावर सही तिची हवी.

भैयाजीनं पुडीतला तांदूळ थाळीत ओतला. नाणं वर धरलं. पाच-सहा दाणे टुणकन उडून त्याला चिकटले.

“ओढलं!” मोठे बाबा उभेच राहिले.

मग सवयीनं चुंबक पुढं गेलं. टाक्! नाणं असं चिकटलं की सोडवायला दोन्ही हात लागले. आम्ही ‘डुप्लिकेट’ ऐकायला कान टवकारले. घसा साफ झाला.

“पावर!” मोठे बाबा म्हणाले. “पावरले पावर ओढते!”

अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं चुंबक हातातून सोडलं नाही, त्याला दुसरं चुंबक ओळखता आलं नाही.

“घे वं, सही कर,” त्यांनी मोठ्या मायपुढं कागद सरकवला. “पार्टी निघून जाईन.”

तिनं पेन घेतलं, पण नजर थाळीवरच. “थांबा नं जी. हा तांदूळ कोणता होय?”

“तांदूळ म्हणजे... तांदूळ, काकी,” भैयाजी म्हणाला.

“चिन्नोर हाय का एचएमटी?”

“मिक्स हाय.”

“मिक्स!” मिलमध्ये तांदूळ मिक्स निघाला तर निवडणाऱ्या बायांना कामावरून घरी पाठवतात.

तिनं एक दाणा दाताखाली धरला, थुंकला. “शिजवून वाळवला हाय. अन् असा काळा दाणा कोणत्या बांधीत पिकते, मले बी दाखव.” तिनं मूठभर तांदूळ वाटीत घातला, पाणी ओतून खळखळून धुतला. तळाशी काळी भुकटी बसली. मोठ्या बाबांचा हात आपोआप पुढं गेला. चुंबक वाटीला लागताच भुकटी सरसर धावत आली.

“लोखंडाचा कीस,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मोठ्या मायनं आपल्या डब्यातला चिन्नोर थाळीत टाकला. “आता ओढ.”

भैयाजीनं नाणं वर धरलं. एक दाणा हलला नाही.

“काकी, घरच्या तांदळाले विजेची सवय नसते...” भैयाजी चप्पल घालता घालताच बोलत होता. नाणं घेऊन गेला, पुडी विसरला.

 मग घसा साफ झाला.

“नाणं असली होतं,” मोठे बाबा म्हणाले. “तांदूळ डुप्लिकेट निघाला.”

मोठ्या मायनं सहीचा कागद चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या ठेल्यावर त्यांनी तो भुकटीचा किस्सा रंगवून सांगितला. त्यात सुंदरबाई कुठंच नव्हती, दाणा त्यांनीच चावला होता. संध्याकाळपर्यंत तो मिलमधल्या बायांमार्फत मोठ्या मायकडे आला.

ती भांडली नाही. रोज सकाळी मोठे बाबा तिला पहिल्यासारखंच गाडीनं मिलवर सोडतात. पण आता गेटपाशी ती उतरते आणि हात पुढं करते. चाबी पदराच्या गाठीत जाते, गाडी मिलच्या शेडात. मोठे बाबा चार किलोमीटर पायी परत येतात. वाटेत कोणी विचारलं तर म्हणतात, “डॉक्टरनं चालाले सांगतलं हाय.”