डोळ्यातलं मीठ आणि देवीचा बोकड

बाईंनी मला कामावर ठेवताना एकच प्रश्न विचारला : डोळ्याची किळस येते का? मी म्हटलं, आमच्या कोकणात मासा घेताना आधी त्याच्या डोळ्यात बघतात. काचेसारखा असला तर ताजा, ढगाळला असला तर पुढची पाटी. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून या." सातवीत शाळा सुटलेला मी, एस.टी. बदलत बदलत परभणीला येऊन पडलेलो. इथं मला कुणी 'या' म्हणावं, तेही अहो-जाहो करून, हे काही केल्या खरं वाटेना. बाईंच्या त्या एका शब्दाचं ओझं मी अजून वाहतो, आणि आनंदानं वाहतो.

जनावरांच्या डॉक्टरांचं ते कॉलेज तेव्हा नवंकोरं होतं. दुष्काळ नुकताच सरला होता. बाई पुण्याच्या, आणि त्यांचा सगळा जीव बोकडाच्या डोळ्यात. डोळ्याच्या पुढं जी पारदर्शक काच दिसते ती काच नसते, पेशींचे थर असतात, हे मला त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. त्या थरांत सारखं पाणी शिरू पाहतं. शिरलं की ते फुगतात, धूसर होतात. म्हणून पेशी जन्मभर मीठ इकडून तिकडं हाकत बसतात, मिठाच्या मागं पाणी निघून जातं, आणि आपल्याला जग स्वच्छ दिसतं. मीठ म्हणजे आपलं खायचंच मीठ, पण पाण्यात विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले कण होतात. बाई त्यांना आयन म्हणायच्या. मी मीठच म्हणायचो.

माझं काम म्हणजे सकाळी खाटकाकडून थर्मासात ताजे डोळे आणायचे. बाई त्यातली ती पारदर्शक चकती कापून काचेच्या दोन डब्यांच्या मधोमध पडद्यासारखी बसवायच्या. दोन्हीकडं एकाच बाटलीतलं मिठाचं पाणी. म्हणजे एका बाजूनं दुसरीकडं जायला मिठाला काही कारणच नाही. तरी डब्यांना जोडलेल्या, वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा हलायचा! बोकडाचं मटण एव्हाना कुणाच्या तरी चुलीवर रटरटत असायचं आणि इकडं त्याचा डोळा इमानदारीत मीठ हाकत असायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "बाई, बोकड गेला हे याला कुणी सांगितलं नाही का?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका," बाई म्हणाल्या.

मग मुंबईहून एक साहेब येणार असं ठरलं. काटा बघायचा आणि हे काम पुढं चालू ठेवायचं की नाही ते सांगायचं, एवढ्यासाठी. नाही म्हणाले तर डबे, मीटर सगळं खोक्यात जाणार आणि त्यांच्याबरोबर माझी रोजंदारी. घरी धाकटा भाऊ माझ्या जिवावर आठवीत बसला होता. माझी शाळा सातवीत थांबली होती, त्याची थांबू नये, एवढंच मला हवं होतं. साहेब येणार कळल्यापासून मी दिवस मोजत होतो.

त्यात साहेबांची तार आली की ते एक दिवस आधीच येतायत. आणि त्या दिवशी कुठल्याशा जयंतीमुळं खाटीकखाना बंद.

"डोळेच पायजेत ना?" त्या सकाळी कॉलेजच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला. "मंग कामून रडायलाव? मपल्या मेव्हण्याचं देवीचं बकरं हाय आज झरीला. चला सोडतो."

त्यानं मला झरीला सोडलं आणि साहेबांना उतरवून घ्यायला तो स्टेशनावर गेला. मेव्हणा शेरडं-मेंढरं पाळणारा, उंच, शांत माणूस. शेताच्या कडेला लिंबाखाली शेंदूर लावलेली देवी, समोर काळा बोकड, बाजूला सुरी घेऊन मुलाणीचाचा. माझी विनंती मेव्हण्यानं लगेच मान्य केली. "न्या की डोळे. आता पाणी टाकलं की अंग झटकतंय बगा. झटकलं की देवीनं घेतलं."

पाणी टाकलं. बोकडानं अंग झटकलं नाही. तो वाकलेल्या मेव्हण्याच्या गळ्यातला हार खात उभा राहिला.

परत पाणी टाकलं. तेच.

"माय, काय चुकलं असंल तर पदरात घे," मेव्हण्याची आई हात जोडून म्हणाली. मग काय चुकलं याचा शोध सुरू झाला. मेव्हण्याच्या बायकोच्या थोरल्या जावेला आवतण नीट गेलं नव्हतं म्हणे. तिला पुढं बोलावलं.

"पोरीच्या हातानं निरोप धाडला! मी काय भिकारीण हाय?"

सगळ्यांनी तिची समजूत काढली. तिनं पाणी टाकलं. बोकड ढिम्म. मग मेव्हण्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं बांधावरच्या बाभळीवरून वाकडं निघालं. "घे, बाभळ तुपली," मेव्हणा देवीसमोर म्हणाला. "अन् शेंगा?" चुलतभाऊ म्हणाला. "शेंगा बी घे!" दोघांनी मिळून तांब्या ओतला. बोकडाचा कान हलला.

"हलला! हलला!" मी थर्मास घेऊन पुढं धावलो.

"दम धरा," मुलाणीचाचा म्हणाले. "कान हाय तो. कान माशीनं बी हलतो. अंग पायजे."

त्यांच्या जागी मी असतो तर कानावर भागवलं असतं. ऊन चढत होतं, साहेबांची गाडी येऊन गेली असणार, आणि इथं आख्ख्या भावकीची भांडणं मिटत आली तरी बोकडाचं समाधान होत नव्हतं. मिटवायला भांडणं उरली नाहीत तेव्हा सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली.

"पावणं, तुमी डोळे न्यायलाव. देवीला इचारलं का?" थोरली जाऊ म्हणाली.

मी पायातल्या चपला काढल्या, थर्मास खाली ठेवला आणि हात जोडले. "देवी, या बोकडाच्या डोळ्यात मीठ आहे. ते एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातं. ते जातं एवढंच एका साहेबांना दाखवायचंय."

"कामून जातंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाणी बाहेर काढायला. पाणी साठलं तर डोळा धूसर होतो."

"मंग पाणीच काढावं की! मिठाला कामून तरास?"

"पेशींना पाणी हाकता येत नाही. मीठ हाकलं की पाणी आपसूक मागं येतं."

"म्होरक्या मेंढरावानी," मेव्हणा म्हणाला. "म्होरका वळला की कळप वळतो. बराबर हाय."

सगळ्यांना पटलं. देवीचं कळेना. बोकड माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघत होता की मला थर्मास अंगाआड घ्यावासा वाटला.

तेवढ्यात जीप आली. आत बाई, आणि बाईंच्या शेजारी टाय लावलेले साहेब. कॉलेजात बसून कंटाळल्यावर 'बोकड अजून झटकत नाही' हे मधे झरीला चक्कर मारून गेलेल्या ड्रायव्हरकडून ऐकून ते स्वतःच म्हणाले होते, चला बघू. मुलाणीचाचांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, तुमच्या दिलात काय खटका हाय का? बकरं आडलंय."

मला वाटलं साहेब चिडणार. पण ते परीक्षा घ्यायलाच आलेले; त्यांना कुठंही सुरुवात चालत होती. "आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडं पाणी एकच. मग तो काटा डोळ्यामुळं हलतो की मीटरच सदोष आहे, हे मला कसं कळावं?"

"ते टेबलावर दाखवते," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाही पटलं तर काम बंद करा. माझी तक्रार नाही."

माझी होती. पण मला कुणी विचारलं नाही.

"ठीक आहे. बाकी माझ्या मनात काही नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई ना? मंग टाका तुमच्याच हातानं."

साहेबांनी तांब्या घेऊन बोकडाच्या पाठीवर धार धरली. बोकडानं मान खाली घातली आणि शिंगापासून शेपटापर्यंत असं अंग झटकलं की साहेबांचा टाय, चष्मा, सगळं भिजलं. "घेतलं! घेतलं माय!" गलका झाला. साहेब चष्मा पुसत हसत होते. पुढचं काम मुलाणीचाचांनी झटक्यात केलं आणि डोळे स्वतः काढून, जराही न दाबता, माझ्या थर्मासात सोडले.

"न्या," मेव्हणा म्हणाला, "पण जेवायला माघारी या. देवीचं नेऊन उपाशी जायचं नसतंय. साहेबालाबी आणा."

जीप परभणीकडं निघाली. थर्मास मी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. बाईंनी चकती बसवली, पेशींना हवा मिळावी म्हणून नळीतून पाण्यात बुडबुडे सोडले. काटा जरा वेळ गप्प राहिला, मग हलला आणि चढला. छान चढला! मला वाटलं, संपलं, जिंकलो. तेवढ्यात बाईंनी एका बाटलीतलं औषध डब्यात सोडलं. काटा डगमगला. मग खाली यायला लागला. खाली, आणखी खाली. मी घाबरून बुडबुड्यांच्या नळीला हात घातला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

काटा शून्यावर जाऊन थांबला. साहेब वाकून बघत होते. "हं," म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "जेवायला जायचंय ना?"

आम्ही जीपनं परत झरीला निघालो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाईंनी आपल्याच हातानं असं का केलं, हे मला विचारवेना. भावाला काय कळवायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं.

लिंबाखाली पंगत बसली होती. मला बसवेना, म्हणून मी रश्श्याची बादली घेऊन वाढायला लागलो. मेव्हण्यानं साहेबांच्या समोरच मांडी घातली.

"काय झालं मंग डोळ्याचं?"

"काटा शून्यावर आला."

"म्हंजी बरं का वंगाळ?"

"बरं," साहेब भाकरी चुरत म्हणाले. "त्या औषधानं पेशींचं मीठ हाकणं बंद पडतं. मीटर खोटा असता तर काटा तसाच राहिला असता. काटा पडला, म्हणजे आधी जे चाललं होतं ते जिवंत होतं. बाईंनी माझा खटका काढला. काम चालू राहील."

बादली माझ्या हातात जड झाली. "साहेब, मग मी?"

"तुम्ही काय?"

"मी राहू का कामावर?"

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "डोळे हेच आणतात."

"मग राहायला नको?" साहेब म्हणाले. "आता वाढा की, कोरडी भाकरी घशात अडकली."

मी वाढलं. इतकं वाढलं की शेवटी साहेबांना दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरावे लागले.