सुपडू मास्तरांचा झोपलेला ट्रॅक्टर

बमरोलीच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, सुपडू मास्तरांनी बिघडलेले माग दुरुस्त करत एकतीस वर्षं काढली आणि त्या बदल्यात खात्याने त्यांचे दीड कान ठेवून घेतले. उरलेल्या अर्ध्या कानाने ते सोयीचं तेवढंच ऐकतात, असं त्यांची बायको शोभाबाई म्हणे. पण बंद पडलेल्या लूमवर त्यांनी नुसता तळहात ठेवला, तरी त्याला कुठे दुखतंय ते त्यांना कळायचं. गेल्या वर्षी शेठने जुने लूम काढले आणि पाण्याच्या झोतावर विणणारी मशिनं आणली. त्यांच्या पोटातलं सगळं एका छोट्या पडद्यावर दिसे. मास्तर हात ठेवायचे. मशिनं गार आणि गप्प. महिनाभराने मास्तर घरी बसले. मग घरातला मिक्सर, पंखा आणि शेजारचं शिलाई मशीन यांची तब्येत गरजेपेक्षा जास्त सुधारली.

आषाढात पलसाण्याजवळ एका वाडीत लिलाव निघाला. वाडीचे मालक म्हातारे देसाई वारले होते, मुलं परदेशात. आयुष्यभराचं सामान आंब्याखाली मांडून ठेवलं होतं: पितळी हंडे, झोपाळ्याच्या कड्या, औषध फवारायचा पंप. शेवटी, गवतात गुडघाभर रुतलेला एक लाल ट्रॅक्टर. मास्तर आले होते पाण्याची मोटर बघायला. पण सवयीने त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

ट्रॅक्टरवर बोली लावणारा एकच होता, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी गोदाम असलेला चिंधा भंगारवाला.

"सुपडूभाऊ, हात काढा. लोखंड तापेल शे," चिंधा म्हणाला.

"मरेल नही हाऊ, झोपेल शे," मास्तर म्हणाले. त्यांच्या मते तो मेलेला नव्हता, नुसता झोपलेला होता. आणि त्यांनी बोली वाढवली.

"एक वार, बे वार, त्रण वार! काका, लई जाओ!" लिलाववाल्याने हातोडा आपटला. चिंधाला वाईट वाटलं नाही. "न्या," तो म्हणाला. "शेवटी माझ्याकडेच येणार. मी वाट बघतो."

टेम्पोवरून ट्रॅक्टर गल्लीत उतरला तेव्हा शोभाबाई दारात साड्यांवर खडे चिकटवत बसली होती. तिने आधी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हाई काय लई उनात?"

"ट्रॅक्टर."

"ते दिसंस माले. वावर कथं शे?"

वावर कुठेच नव्हतं. पारोळ्याकडचं होतं ते मास्तरांच्या वडिलांच्या हयातीतच गेलं होतं. मास्तरांनी हा प्रश्न दीड कानाकडे वळवला आणि ट्रॅक्टर घसरू नये म्हणून तो गियरमध्ये टाकून चाकांखाली दगड लावले.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. सायलेन्सरमधून गांधीलमाश्यांचं घर निघालं, टाकीतून डांबरासारखं डिझेल. मास्तरांनी नोझल काढून धुतले, नळीतली हवा काढली, नवी बॅटरी बसवली. ब्रेक उघडून गोणपाटावर मांडले. सेल्फ मारला की इंजिन खाकरायचं, आता बोलणार असं वाटायचं, आणि पुन्हा गप्प. गल्लीतल्या लोकांनी ट्रॅक्टरचा मेकॅनिक आणायला सुचवलं. मास्तर दुखावले.

"मास्तरने मास्तर बोलवायचा?"

खरं तर ट्रॅक्टरचं त्यांना काहीच पडलं नव्हतं. एक तरी मशीन अजून आपलं ऐकतं, एवढंच बघायचं होतं. शोभाबाईला ते कळत होतं, म्हणून तिने श्रावणापर्यंत कळ काढली. पण श्रावणात कानबाई देवी बसणार होती, समोरच्या धुरपदाबाईंच्या घरी. सोमवारी देवी डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, बायका याच गल्लीतून तापीकडे विसर्जनाला निघणार.

"देवी काय टायरवरून उडी मारी का?" धुरपदाबाईंनी विचारलं.

शोभाबाईने निकाल दिला. शनिवारपर्यंत ट्रॅक्टर स्वतःच्या पायाने गल्लीबाहेर गेला तर राहील. नाही तर चिंधा नेईल.

शनिवारी सकाळी चिंधा टेम्पो आणि साखळी घेऊन हजर झाला. त्याने चहा घेतला, चाकांखालचे दगड काढून बाजूला ठेवले आणि साखळी सोडवत बसला. "एकदा, शेवटचं," मास्तर म्हणाले. सीटवर न बसता जमिनीवरूनच, वायर जोडून सेल्फ मारायला ते चाकाशी वाकले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लूमचं हँडल छातीकडे ओढलं की लूम चालू होतो आणि पुढे ढकललं की बंद. खात्यात आवाज एवढा, की बोलणं सगळं हातांनी. मूठ छातीकडे ओढली म्हणजे 'चालू कर', पुढे ढकलली म्हणजे 'बंद कर'. ट्रॅक्टरला स्टिअरिंगखाली एक काळी मूठ होती, तिच्यावरची अक्षरं झिजलेली. ती बाहेर ओढलेली होती. देसाईंनी शेवटचं इंजिन बंद करताना ओढली, तेव्हापासून तशीच. मास्तर रोज तिच्याकडे बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, 'ही तर चालूवरच आहे.'

शोभाबाई सीटवर वाळत टाकलेला टॉवेल काढायला चढली, तेव्हा तिचा पदर त्या मुठीला अडकला. आधीच ती वैतागलेली. पदर सोडवून तिने मूठ तळहाताने आत ठोकली आणि खाली उतरली.

तेवढ्यात मास्तरांनी वायर जोडली.

गल्ली काळी झाली. धुरातून ट्रॅक्टर आधी कण्हत, मग धडधडत बाहेर आला. म्हणजे खरोखरच बाहेर आला. गियरमध्येच होता तो. माणूस पायी चालेल त्या वेगाने ट्रॅक्टर निघाला, आणि मास्तर त्याच्या मडगार्डवर हात ठेवून शेजारून चालू लागले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू नातवाला फिरायला नेताहेत. मग त्यांना गोणपाटावरचे ब्रेक आठवले. पायरीवर चढून त्यांनी क्लच दाबला. तो गंजून बसला होता. त्यांनी काळी मूठ पुढे ढकलली. ती आधीच आत होती. त्यांनी आणखी जोराने ढकलली.

शोभाबाईच्या मात्र लक्षात आलं. लग्नानंतर सहा वर्षं तिने त्याच खात्यात बॉबीन भरली होती. ती ट्रॅक्टरच्या पुढे उलट्या पावलांनी चालत मूठ छातीकडे ओढून दाखवू लागली.

मास्तरांनी वाचलं: 'चालू कर.'

"चालूच शे!" ते ओरडले.

तिने दोन्ही मुठी ओढल्या.

"बाई येडी व्हयनी!" मास्तर आकाशाला म्हणाले. धुरपदाबाईंनी मांडवाचा बांबू कवेत घेतला. पुढे गल्लीचं तोंड, त्यापुढे मोठा रस्ता, आणि रस्त्यावर रिक्षा. शोभाबाईने हात खाली केले. ती वाटेत उभी राहिली, जागची हलली नाही, आणि नुसती त्यांच्याकडे बघू लागली.

मास्तरांच्या अंगात एकतीस वर्षं 'ढकल' म्हणत होती. त्यांनी डोळे मिटले आणि मूठ ओढली.

एवढी शांतता झाली की ती मास्तरांनाही ऐकू आली. ट्रॅक्टरचं नाक शोभाबाईपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं, आणि मागची चाकं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटाराच्या पलीकडे होती.

"मशीन उलटं शे," मास्तर हळूच म्हणाले.

"मशीन नीट शे," ती म्हणाली, आणि तिथेच रस्त्यावर बसली. मास्तर उतरून तिच्या शेजारी बसले.

चिंधा साखळी घेऊन धावत आला. त्याने चाकं बघितली, गटार बघितलं. अट पुरी झाली होती. स्वतःच्या पायाने गेला नाही असं म्हणायला जागा नव्हती. पण आता रिक्षांचे हॉर्न वाजू लागले होते, आणि रिव्हर्स गियर कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माझ्या गोदामात ठेवा," चिंधा सुस्कारा टाकून म्हणाला. "भंगारात नाही. भंगाराशेजारी."

इंजिन बंद असल्याने आता गियर निघाला, आणि सगळ्यांनी मिळून ढकलला. मास्तर आता रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जातात. येणारं गिऱ्हाईक हमखास आधी ट्रॅक्टरचाच भाव विचारतं, म्हणून कंटाळून चिंधाने तीन भाषांत पाटी लावली आहे: विकायचा नाही. खालची ओळ शोभाबाईच्या सांगण्यावरून लिहिली आहे: 'मास्तरांना विचारू नये, ते ऐकत नाहीत.'