वास गेल्यावरची बिअर

शिरूरजवळच्या एका लहान बिअर कारखान्यात चव तपासायचं काम माझ्याकडं होतं. तापातून उठून कामावर गेलो, तर नव्या कडक बिअरचा पहिला ग्लास समोर आला. हॉप्सची फुलं भरपूर घातलेली. संत्र्याच्या सालीसारखा वास यायला हवा होता. मला नुसता कडूपणा लागला. ग्लास हलवला, नाक आत घातलं, पुन्हा प्यालो. काहीच नाही.

"कशी हाय रं?" बिअर बनवणाऱ्या मामांनी विचारलं.

"मामा, मला वासच येत न्हाई."

त्यांनी मूठभर हॉप्स चोळून माझ्या नाकाशी धरले. मी जीव खाऊन श्वास ओढला आणि मला रडूच फुटलं.

आता मी तिथंच बाटल्या भरतो. वास अजून आलेला नाही.