पायाळू भिकुबाईचा डावा पाय

भिकुबाई जन्मली ती पाय पुढे करून. आधी डावा पाय बाहेर आला, मग उजवा, आणि डोके सगळ्यांत शेवटी. तिच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये या हिशेबाने नाव भिकू ठेवले गेले. पण सुईणीने त्याच दिवशी सगळ्या आळीला सांगून टाकले की पोरगी पायाळू आहे, सांभाळा हिला, हिच्या पायाला गुण आहे.

पायाळूच्या पायाचा गुण म्हणजे काय, हे पारोळ्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावे. कमरेत उसण भरली, वाकताना चमक निघाली आणि माणूस तिथल्या तिथे आखडला, की त्याला पायाळूकडे न्यायचे. त्याने अंगणात गोणपाटावर पालथे पडायचे आणि पायाळूने दुखऱ्या जागी पायाने हलकी लाथ मारायची. सकाळी, काही खाण्याआधी. आणि त्याबद्दल पायाळूने काही घ्यायचे नाही, घेतले तर गुण जातो. भिकुबाईने उभ्या आयुष्यात कोणाची खोबऱ्याची वाटीसुद्धा घेतली नाही.

ती चालू लागली तेव्हा डावीकडे कलत होती. प्रत्येक पावलाला अंग डाव्या बाजूला झुकायचे आणि परत सरळ व्हायचे. दुसऱ्या एखाद्या पोरीला गावाने ‘लंगडी’ म्हणून हाका मारून मारून रडवले असते. भिकुबाईला ते कोणी म्हटले नाही. पायाळूचा पाय असाच असतो, असे बायका एकमेकींना समजावत आणि तिला वाटेत आधी जाऊ देत. तो कलता डावा पाय म्हणजेच गुणाची खूण, असे गावाने ठरवून टाकले होते आणि तिनेही ते मनाशी घट्ट धरले होते.

लग्नही त्या पायानेच जुळवले. तिला पाहायला आलेला म्हातारा बैलगाडीतून उतरतानाच कमरेत आखडला. मुलगी पाहणे राहिले बाजूला, तोच अंगणात पालथा पडला आणि होणाऱ्या सुनेची लाथ खाऊन उठला. उठला तो हसतच, आणि म्हणाला की सुपारी फोडा. पुढे तिचा नवरा हिलाल जन्मभर हीच गोष्ट सांगून लोकांना हसवायचा. सासऱ्याला लाथ मारून सासर मिळवणारी बाई पंचक्रोशीत तीच एक.

हिलाल गेला, मुलगा अभिमन कर्ता झाला, पण अंगणातले गोणपाट काही हलले नाही. गावच्या पाटलापासून दूध घालणाऱ्यापर्यंत सगळे त्यावर पडून गेले. एरवी कोणाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. इथे माणसे आपण होऊन पाठ पुढे करत आणि उठल्यावर तिच्याच पाया पडत. भिकुबाई त्या वेळी मान ताठ ठेवून उभी राही, उजव्या पायावर, आणि डावी टाच अलगद टेकवी.

चाळिशी उलटल्यावर तिचा डावा खुबा दुखू लागला. मांडी घालून बसता येईना, पाय लांब करूनच भाकरी थापावी लागे. आत कोणीतरी रवी फिरवावी तसे दुखे. पण तिने कोणापुढे तोंड उघडले नाही. तिची पक्की समजूत होती की इतक्या लोकांची उसण आपण ओढून घेतली, ती आपल्याच पायात साठून राहिली. दुसऱ्याचे दुखणे आपण वाहतो आहोत, यात तिला एक समाधान होते. त्या समाधानावर तिने बरीच वर्षे काढली.

सत्याऐंशी साली अभिमनच्या बायकोला, कमलला, मुलगी झाली. तीही पायांनी आली. भिकुबाईला आभाळ ठेंगणे झाले. नातीचे नाव उज्ज्वला, पण घरात सगळे उजीच म्हणत. उजी सव्वा वर्षाची होऊन पावले टाकू लागली तेव्हा तीही डावीकडे कलत होती. भिकुबाईने घरोघर गूळ वाटला. शेजारची ताईबाई तर पाठ धरूनच आली.

“भिकू अक्का, आते तुना पाय म्हातारा व्हई गया. या पोरना पाय लाई दे मनी पाठले,” ती म्हणाली.

भिकुबाई हसली. चुलीपाशी बसलेली कमल मात्र हसली नाही. ती चोपड्याकडची, सातवी शिकलेली, सासूपुढे कधी वर तोंड करून न बोललेली. पण पोरीला न्हाऊ घालताना तिच्या लक्षात आले होते की डावी मांडी उजवीसारखी बाहेर पडत नाही, अडते. तिने अभिमनला सांगितले, अभिमनने आईला. धुळ्याला हाडांचे डॉक्टर आहेत, एकदा दाखवून येऊ.

“कसाले?” भिकुबाई कडाडली. “मनी नात पायाळू शे. तिना पाय असाच ऱ्हाई. ती काय लंगडी शे?”

घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी कमल सासूपाशी येऊन बसली.

“आत्याबाई, तुम्ही बी चाला संगे. डागदरले तुम्हीच सांगा.”

हे भिकुबाईला पटले. डॉक्टरला आपणच दोन शब्द सुनवावेत आणि पोरीला घेऊन परत यावे, अशा तयारीने ती एसटीत चढली. कडेवर पोर घेऊन तिला चढता येत नसे, म्हणून उजी कमलकडे होती.

डॉक्टर वयाने मध्यम, देशावरचे, मृदू बोलणारे. त्यांनी आधी उजीला खोलीत चालायला लावले. मग टेबलावर उताणे निजवले, दोन्ही गुडघे दुमडून तळपाय शेजारी शेजारी टेकवले आणि म्हणाले, “इकडे पायांच्या बाजूला येऊन बघा.” तिघेही वाकली. उजवा गुडघा वर होता, डावा खाली. तळपाय सारखे, आणि गुडघे मात्र एक उंच, एक ठेंगणा. मग त्यांनी दुमडलेल्या मांड्या हळूच बाहेर पाडल्या. उजवी टेबलापर्यंत गेली. डावी मध्येच थांबली. उजीने कुरकुर केली तसा त्यांनी हात काढून घेतला.

“खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो,” ते म्हणाले. “मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्या उखळीत बसायला हवा. हिचा बसलेलाच नाही, बाहेर सरकलाय. पायांकडून जन्मलेल्या मुलांत हे पुष्कळदा सापडतं. भूल देऊन गोळा बसवून पाहू, नाही बसला तर ऑपरेशन करू. मग काही महिने प्लास्टर. आज वेळ आहे. मोठी झाल्यावर इतकं सोपं राहणार नाही.”

अभिमनने आईकडे पाहिले. घरात शेवटचा शब्द तिचा होता, आणि तिने हो म्हटल्याशिवाय तो पोरीला भूल देऊ देणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते.

भिकुबाई पुढे झाली. ठरवून आणलेले बोल ओठांवर होते. “डागदर, पोर पायाळू शे. पाय सरळ व्हई गया ते तिना गुण जाई ना?”

डॉक्टरांना कळले नाही. कमलने खाली मान घालून सगळे समजावले, उसण, गोणपाट, सासूची लाथ. ते हसले नाहीत, हे त्यांचे थोरपण. त्यांनी भिकुबाईला आत चालत येताना पाहिले होते. ते म्हणाले, “गुणाचं मला काही सांगता येणार नाही, बाई. पण तुम्ही लाथ कोणत्या पायानं मारता?”

“डावा.”

“म्हणजे उभ्या राहता उजव्यावर. आता जरा डाव्यावर उभ्या राहा. सूनबाई, तू मागून यांच्या कमरेला दोन्हीकडे हात लाव.”

“त्या पायवर उभं ऱ्हावानी सवय नही मले,” भिकुबाई पुटपुटली. तरी तिने टेबलाची कड धरली आणि उजवा पाय उचलला. उचलताच कमरेची उजवी बाजू खाली खचली. कमलच्या उजव्या हाताखालून ती निसटली आणि डावा हात होता तिथेच राहिला. भिकुबाईला सुनेच्या हातांतूनच ते कळले. तिने पुन्हा प्रयत्न केला, ओठ दाबून. पुन्हा तसेच झाले. तोल जाऊन ती डॉक्टरांच्या हातांवर आली.

त्यांनी तिला टेबलावर निजवले आणि तेच केले जे उजीला केले होते. तळपाय शेजारी, गुडघे वर. भिकुबाईने मान उचलून पाहिले. लुगड्याखाली एक गुडघा उंच होता, एक ठेंगणा. शेजारी कमलच्या कडेवरून उजी आजीच्या गुडघ्यांकडे बघत होती.

“जन्मापासूनचं आहे,” डॉक्टर हलकेच म्हणाले. “त्या वेळी कोणी पाहिलं नाही. आता सांधा झिजलाय. खूप दुखत असेल.”

“ते लोकेसनं दुखनं शे,” ती म्हणाली. “मी त्यासनी उसन लीयेल शे.”

“नाही हो. ते तुमचंच आहे.”

भिकुबाईला वाईट वाटले, फार वाईट. कोणी मेल्यावर वाटावे तसे. इतकी वर्षे पाय लांब करून काढलेले दिवस कोणासाठीच नव्हते. पाटलासाठी नव्हते, ताईबाईसाठी नव्हते. ते एका निसटलेल्या हाडापायी होते, आणि ते हाड न्हाऊ घालताना तिच्या आईच्या हातांना लागले असते, जर कोणी पायाळू म्हणून तिला ओवाळत बसले नसते. तिला आईचाही राग आला आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. तिने पदर तोंडावर ओढला. बाहेर कोणाचे तरी नाव पुकारले जात होते.

मग ती उठून बसली आणि नातीचा डावा पाय हातात धरला. मऊ, गुबगुबीत पाय. याच पायासाठी तिने गूळ वाटला होता.

“करा डागदर,” ती म्हणाली. “पोरले नीट करा.”

ऑपरेशन लागले. मग कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर, दोन्ही पाय बेडकासारखे फाकवून. उन्हाळा तसाच काढावा लागला. प्लास्टरच्या आत खाज सुटली की उजी किंचाळायची आणि भिकुबाई पाय लांब करून तिच्याशेजारी बसून प्लास्टरच्या काठाशी पंख्याने वारा घालायची. ताईबाई येऊन म्हणाली की चांगल्या गुणाची माती केली. भिकुबाईने गोणपाट गुंडाळून माळ्यावर टाकले.

पुढच्या वर्षी उजी चालली. आधी भिंतीला धरून, मग अंगणभर, आणि बोरे पिकू लागली तोवर धावायलाही लागली. सरळ, कुठे न कलता. भिकुबाई ओट्यावर बसून ते बघत राही, आणि बघताना तिच्या डोळ्यांना पाणी येई.

अशाच एका सकाळी वरच्या आळीचा रुपचंद काठी टेकत आला. कापसाचे गाठोडे उचलताना कमर धरली होती. गोणपाट दिसेना तसा तो मातीतच पालथा पडला आणि ओरडला, “ये व उजी, पाठवर पाय दे!”

उजीला खेळ वाटला. ती धावतच निघाली. पण भिकुबाई खांबाला धरून उठली होती. कलत कलत ती अंगणात आली आणि तिने उजीचा हात धरला.

“नही, रुपचंद भाऊ. तिना पाय चालाकरता शे.”

“मंग तुना दे, अक्का. तुना पायले ते गुण शे.”

सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ती बोलली. जो शब्द जन्मात कोणी तिला म्हटला नव्हता, तो तिनेच उच्चारला.

“कसाना गुण, भाऊ? मी लंगडी शे.”

रुपचंद मान वळवून तिच्याकडे बघतच राहिला. उजी हात सोडवून घेऊन दाराबाहेर पळाली. भिकुबाईने ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिले, आणि मग रुपचंदच्या कमरेला शेकायला वीट तापत ठेवावी म्हणून ती चुलीकडे वळली.