बंदुकीच्या नळीतल्या अक्षता

बंदूक कशाने बिघडते असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, एक पूजेने आणि दुसरं निवडणुकीने. चेष्टा करत नाही. आमच्या घरची रायफल या दोघींनी मिळून बाद केली. ती पुन्हा चालती करायला निघालो तर वाटेत तिसरं विघ्न भेटलं, ते म्हणजे मी स्वतः.

आमचं गाव डोंगरपट्ट्यात, साक्रीच्या बाजाराला जाणारं. जंगल शेताच्या बांधाला टेकलेलं. पावसावर बाजरी आणि भुईमूग. भुईमूग भरला की रानडुकरं येणार, हे ठरलेलं. माझे थोरले काका, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यांच्या नावावर पीक राखणीसाठी बंदुकीचं लायसन होतं. ही बावीस बोअरची अमेरिकन रायफल माझ्या आजोबांनी भुसावळच्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरकडून रीतसर घेतलेली. तो देश सोडून चालला होता.

तिच्या मोठ्या नळीखाली एक बारीक नळी होती. काडतुसं त्या बारीक नळीत एकामागे एक भरायची. तिच्यावर लाकडी मूठ. मूठ मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर उडायचं, पुढे सारली की नवं काडतूस आत. बाजूचा एकच स्क्रू नाण्याने फिरवला की अख्खी रायफल दोन भागांत सुटायची आणि पोत्यात मावायची. इतकं नेटकं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्याकडे मोट गेली, इंजिनं आली, इंजिनं बिघडली, पण आजोबांच्या हातात ही कधी अडली नाही म्हणतात. लहानपणी आबांनी मला बांधावर डबा ठेवून नेम धरायला शिकवलं, तेव्हाही ती लोण्यासारखी सरकायची.

डुकराला तिने मारायचं नव्हतंच. कायद्याने मारता येत नव्हतं आणि त्या करंगळीएवढ्या काडतुसाने ते मेलंही नसतं. हवेत बार काढायचा, बस. आबांची थोरली लेक, आमची अक्का, नवरा लवकर गेल्यापासून माहेरीच राहून शेत सांभाळायची. ती म्हणायची, "तुमनी बंदूकले डुकरे हासतस. मना डबाले पयतस." आणि पत्र्याचा डबा बडवत शेतभर फिरायची. खरं सांगायचं तर डुकरं तिच्याच डब्याला जास्त भ्यायची.

मी तेव्हा जळगावला कॉलेज करून नुकताच परत आलो होतो. जळगावात शिकलो काय, तर पत्रक लिहायला. छोटं वाक्य, मोठा मथळा, शेवटी जाब. रोजगार हमीची कामं बंद पडली तेव्हा आम्ही कचेरीसमोर ठिय्या दिला, पत्रक माझं होतं. पोलिसांनी गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. बरोबरचे कार्यकर्ते मला हसायचे. "शांततेचा पुढारी आणि घरात रायफल! उद्या उपोषणाला बसशील तर ती उशाला घेऊन बसशील काय रे?" मी चिडायचो. कारण मला ती रायफल हवी होती, आणि का हवी होती हे त्यांना पटेल अशा भाषेत मला सांगता येत नव्हतं.

आता निवडणुकीचं. कुठलीही निवडणूक जाहीर झाली की लायसनवाल्याने हत्यार ठाण्यात जमा करायचं. तिथे त्याला तारेने चिठ्ठी बांधून भिंतीशी उभं करतात. भिंतीला ओल. निकाल लागतात, गुलाल उडतो, निवडून आलेला माणूस पुन्हा गावात दिसत नाही, आणि हत्यार सोडवायला गेलं की साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. आमची रायफल अशा एका निवडणुकीनंतर परत आली ती नळीभर तांबूस गंज घेऊन. मूठ ओढायला गेलो तर हलेना.

त्याच सुमाराला आबांचे हात थरथरायला लागले. एक दिवस ओट्यावर बसून ते म्हणाले, "आते हाई तुना नाववर करी टाकू." मी वरवर सहज हो म्हटलं. आतून पोरासारखा हरखलो. ठाण्यात विचारलं तर कळलं की हत्यार चालू स्थितीत आणून दाखवायचं, मग नाव बदलण्याचा कागद वर जाईल. झालं नाही, तर आबांच्या माघारी बंदूक सरकारजमा. तिथे गेलेली वस्तू परत येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे रायफल घरात राहणार की जाणार, हे आता ती मूठ हलते की नाही यावर होतं.

आबांना समोर बसवून मी ती खोलली. वापरणारा मी असलो तरी लायसनवाला हजर पाहिजे, कायदा आहे आणि तो मला पाठ होता. आतून खमंग वास आला, ढेपेचा, गुरांच्या पेंडीचा. मला काही कळेना. मग बोट फिरवलं तर बोटाला लाखेसारखा तपकिरी चिकटा आला, मधूनमधून लाल. आणि बारीक नळी पाटावर उपडी आपटली तर तिच्यातून काय पडावं? तांदूळ. वाळक्या झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता!

खंडेनवमीला आमच्याकडे हत्याराची पूजा होते. विळा, कोयता, नांगराचा फाळ, आणि मधोमध पाटावर रायफल. तिला हळदीकुंकू, झेंडूची माळ, वर अक्षता, आणि शेवटी घरच्या भुईमुगाच्या तेलाची धार. देवीला जे घालायचं ते सगळं हिला घातलेलं. वर्षानुवर्षं ते तेल आत जाऊन वाळलं होतं, कुंकू त्यात कालवलं गेलं होतं. आजोबांच्या काळीही पूजा व्हायचीच, पण ते दुसऱ्या दिवशी पुसून घ्यायचे. पूजा आमच्यापर्यंत पोचली, पुसणं मात्र पोचलं नाही.

"आबा, ही पूजा आहे की खून आहे?" मी ओरडलो.

"तेल तं मीच टाकेल शे," आबा शांतपणे म्हणाले. "लोखंडले तेल नही लावो तं काय तूप लावो?"

रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि फाटकी बनियन घेऊन मी बसलो. एकेक खाच, एकेक स्प्रिंग. रोज थोडं भिजवायचं, थोडं खरवडायचं. हात काळे, जेवताना भाकरीला रॉकेलचा वास. शेवटी एका सकाळी मूठ कुरकुरली, अडली, आणि मग एकदम मागे आली. खट्. पुढे. खट्. आबांनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा काढायला लावला. पुन्हा. आणखी एकदा.

राहिला होता नळीवरचा गंज. त्याला कारागीर पाहिजे म्हणून आबांना घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. तिथे एका गल्लीत बंदुका दुरुस्त करणारं परवान्याचं दुकान होतं. दुकानदाराने पान थुंकून रायफल उलटीपालटी केली. मी त्याला स्पष्ट सांगितलं की गंज तेवढा काढा, मूळचा निळसर काळा रंग जपा, बाकी कशाला हात लावू नका. "चिंता नको," म्हणाला. त्यानंतर त्याच्याकडे खेटे सुरू झाले. कधी कारागीर लग्नाला गेलेला, कधी वीज नाही, कधी "परवा या". तो परवा काही येईना. एकदा तर मी दुकानाच्या पायरीवर ठिय्या देऊन बसलो. त्याने मला चहा पाजला.

शेवटी रायफल हातात आली. ती चांदीसारखी लखलखत होती.

"गंज खरवडला तर पुन्हा धरतो," दुकानदार अभिमानाने म्हणाला. "म्हणून घासून घेतली आणि वर निकेल चढवलं. बँडवाल्यांचे ट्रम्पेट जातात ना, त्याच ठिकाणी. कायमचं काम!"

मी काही बोलणार तोच आबा पुढे झाले. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि खुदकन हसले. "नवरीनी मायक दिखस रे!"

एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो. आबा पोत्यात लपेटलेली नवरी मांडीवर घेऊन समोरच्या प्रवाशाला डुकरांच्या गोष्टी सांगत होते. आजोबांच्या हाताने नळीवर पडलेली झीज, तो काळा रंग, सगळं पुसून हा लग्नाचा बँड घरी चालला होता. पण खरा घोटाळा मला दुसऱ्या दिवशी उजेडात कळला. घासताना नळीवरचा नंबरही घासला गेला होता. एक सात आणि पुढे अर्धी गोलाई, एवढंच उरलं होतं. नंबर जुळल्याशिवाय ठाण्यात ती आमची बंदूकच नव्हती.

बाजाराच्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. अक्काला बाजार करायचा होता म्हणून तीही बरोबर होती. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर टेकली. जमादारांनी रायफल बघितली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"ही बंदूक आहे का वरातीतली पिपाणी? आणि नंबर कुठंय हिचा?"

"आत आहे," मी म्हणालो.

"आत म्हणजे? मला बाहेरचं दिसतं. आतलं मला काय दिसतंय?"

मी खिशातून नाणं काढलं, स्क्रू फिरवला आणि त्यांच्या टेबलावर रायफलचे दोन तुकडे केले. जमादार खुर्चीसकट मागे सरले. "ए, ए! ठाण्यात बसून बंदूक खोलतो काय? ठेव खाली!" पण मागच्या भागावर, सांध्याच्या आतल्या बाजूला, कुणाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या जागी तोच नंबर स्वच्छ कोरलेला होता. महिनाभर ब्रशने घासून मला तो तोंडपाठ झाला होता. आबांच्या लायसनवरच्या नंबराशी त्यांनी तो ताडून बघितला. जुळला. मूठ ओढून बघितली. खट्-खट्. हत्यार चालू. मला वाटलं, जिंकलो.

जमादारांनी टेबलाचा खण उघडला आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. माझंच पत्रक होतं. वर मोठा मथळा, "कचेरी हलवून सोडू!"

"हे तुमचंच ना?"

"माझंच. शांततेचं आंदोलन होतं ते."

"शांततेचं होतं म्हणून तर सोडलं. पण आता तुम्ही बंदूक मागायला आलात. साहेब विचारतील, हलवणार म्हणजे कशानं हलवणार? मी काय सांगू?"

मी सांगितलं. घटना सांगितली, हक्क सांगितले, मथळा म्हणजे काय असतो तेही सांगितलं. माझा आवाज चढला. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. जमादार मान हलवत ऐकत राहिले आणि मग आबांकडे वळले. "आबा, हे असं भाषण लायसनच्या चौकशीत चालत नाही हो. पुतण्याच्या नावावर व्हायचं नाही. घरात दुसरं कुणी साधंसुधं नाही का?"

आबांनी क्षणभर विचार केला आणि बाकाकडे बोट दाखवलं. "हाई शे ना. मनी पोर."

"ताई, तुमच्यावर काही केस, काही भानगड?"

अक्काने पदर सारखा केला, खाली बघत बारीक आवाजात म्हणाली, "नही भाऊ. माले काय समजस त्यानं?"

कागद तिच्या नावाने वर गेला.

बाहेर आलो आणि मी तिला बाजूला घेतलं. कारण कचेरीसमोरच्या त्या ठिय्याला अक्का माझ्या पुढे बसली होती. तिच्या घोषणांनी कारकून खिडकीतून डोकावले होते. पोलिसांच्या गाडीत चढताना शिपायाला तिनेच शिव्या घातल्या होत्या. पण नावं लिहून घेतली ती फक्त पुरुषांची. बाया आपल्या बाया. त्यांचं कोण लिहितो?

"बाईचं नावसुद्धा लिहीत नाहीत हे लोक!" मी रस्त्यातच तणतणलो. "हा अपमान आहे तुमचा! यावर पत्रक काढलं पाहिजे."

"काढ," अक्का मेथीची जुडी पिशवीत दाबत म्हणाली. "काढ, मंग लायसन बी जाई, बंदूक बी जाई. आबाले तूच सांग."

मी पत्रक काढलं नाही. मथळा तयार होता, मजकूरही डोक्यात होता. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं माहीत असून छापलं नाही. कुणाला जाब विचारू? जमादाराला? आबांना? की मलाच, ज्याला रायफलही हवी होती?

वर्षभराने लायसन अक्काच्या नावावर आलं. आबांनी ते डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि दिवसभर कुणाकुणाला दाखवत फिरले. रायफल घरात राहिली.

मग खंडेनवमी आली. पाटावर फाळ, कोयता, विळा आणि मधोमध ती लखलखती नवरी. अक्का ताम्हण घेऊन आली, त्यात अक्षता आणि वाटीभर तेल. मी आडवा उभा राहिलो.

"दस्त्याला कुंकवाचं बोट लाव, माळ घाल. पण तेल एक थेंब नाही आणि अक्षता एक दाणा नाही. वाळून त्याची लाख होते. मूठ अडते. मी महिनाभर रॉकेलमध्ये हात घालून बसलो होतो. ही देवी नाही, यंत्र आहे. यंत्राला..."

तिने मला पुरतं बोलू दिलं. आबा भिंतीला टेकून ऐकत होते.

"झायं तुनं भाषण?" ती म्हणाली. "आते सांग, लायसन कोना नाववर शे?"

आणि तिने धार धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेल आणि ब्रश घेऊन ओट्यावर बसलो. लायसनवाला हजर पाहिजे म्हणून अक्का समोर बसली होती, भुईमुगाच्या शेंगा फोडत. टरफलं माझ्याच बाजूला टाकत होती.